पहिला अंक

मनामाच्या बाजारात, एक्स्चेंजच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आमचं संशोधन चालतं.
एसीचं पाणी दुधाच्या डब्यात ठिबकतं,
भरला की हमीद तो कोरफडीच्या कुंडीत ओततो.

दोन तक्ते आहेत माझ्याकडे.
एकात पैसे: किती, कधी, कुठल्या गावी.
दुसऱ्यात खटले: कुठलं कलम, किती दिवस आत.
नावं दोन्हीत नाहीत. नावाच्या जागी क्रमांक,
तोही उलटापालटा करून दिलेला,
माझ्या हातून कुणाची ओळख फुटू नये म्हणून.

नियम असा, की
रकमा आपल्या मर्जीने लहानमोठ्या झाल्या
तर शंभरातल्या तीस एकने सुरू होतात,
नऊने जेमतेम साडेचार.
आपल्याकडे आहेरात एक शेवटी लागतो,
एकशे एक, पाचशे एक, शुभ म्हणून.
इथे तो पुढे हवा, खरेपणा म्हणून.
खोटा हिशेब लिहिणारा
सगळ्या अंकांना सारखा न्याय देतो
आणि तिथेच सापडतो.

काउंटर चारवर एक नव्हतेच.
चारच चार.
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास दिनार,
दर महिन्याच्या सहा-सात तारखेला.
आलेखात तो खांब असा,
वर्गात एकट्यालाच उभं केल्यासारखा.
मी लाल खूण केली.
खूण वर जाते. वर कोण बघतं
ते आम्हाला सांगत नाहीत.

मग खाली उतरले. काउंटरवर परकार,
कालुस्त्याचे, चष्म्याला दोरी.
"बाई, पगारच सगळ्यांचा पंच्याहत्तर.
मेसचे वीस कापा, सिमचे तीन, साबण, दाढी.
उरतं ते तुमचं मशीन सांगेल.
चोर असते तर रकमा रंगीबेरंगी असत्या."

वर येऊन खूण पुसली.
माझ्या प्रतीतली.

तीन महिन्यांनी दोन तक्ते जोडले.
अकरा हजार ओळी इकडे, दोन हजार तिकडे,
जुळल्या बेचाळीस.
एकेचाळीस चेक न वटल्याच्या.
उरलेली एक: काउंटर चार,
एकाच दिवशी अकरा रकमा, सगळ्या चारने सुरू.
"परवान्याविना पैशांचा व्यवहार."
दिवस सत्तावीस.
निकालाचा रकाना कोरा.

क्रमांक परकारांना सांगता येत नाही.
नुसतं विचारलं, अकरा जणांचे एकदम
कोण पाठवायचं?
"नरसय्या. मेसमध्ये भात लावतो.
कंपनी बुडाली, पोरांची कार्डं संपली,
म्हणून ह्याच्या कार्डावर.
वहीत नावं आणायचा, तेलुगूत.
मला वाचता येत नाही, मी ओळी मोजायचो.
दिसला नाही बरेच दिवस.
गावी गेला असेल."
मी चहा संपवला. गोड होता फार.

कोऱ्या रकान्याचं काय करायचं
याच्या चार रीती मी मुलांना शिकवते.
ओळ गाळा.
सरासरी भरा.
शेजारच्या ओळींवरून अंदाज करा.
नाहीतर कोरा ठेवा, आणि तसं सांगा.
चौथी कुणी लिहून घेत नाही.

अहवालात तळटीप टाकली, सहा ओळींची.
डॉक्टर हुदा म्हणाल्या, तीन कर.
तीन केल्या. काय गाळलं
ते आता मलाही नीट आठवत नाही.
निष्कर्ष मात्र लक्षणीय आला,
त्या एका माणसाला धरूनही, वगळूनही.

आज सात तारीख. निघताना खाली रांग.
परकार नोटा मोजतात, शिक्का मारतात,
अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
मग एका पोराने काचेखालून सरकवले
एकशे दहा.
नियमात बसणारी पहिली रक्कम.
परकारांनी चष्म्यावरून बघितलं.
"उसने घेतलेत," पोरगा म्हणाला.
शिक्का पडला.