हिरवा, बोटीचा

बेसच्या तारा बदलू नयेत.
नव्या तारा नुसत्या बडबडतात,
मेलेल्या तारा आधी ऐकून घेतात.
आणि जो अ‍ॅम्प एका हाताने उचलता येतो
त्याच्या शब्दावर विसंबू नये.
किमतींबद्दलही माझं मत आहे,
पण ते शिव्या वगळून सांगता येत नाही.

टोलीडोत, मॉमी नदीच्या अलीकडे,
टायरवाल्याच्या मागच्या खोलीत
एकतीस वर्षं मी अ‍ॅम्प दुरुस्त करते.

गुरुवारी व्हर्लन पेटवे आला.
काचेच्या कारखान्यातून निवृत्त,
चर्चमध्ये दर रविवारी मागच्या खांबापाशी उभा,
दोन्ही गुडघे बदललेले.
म्हणून अ‍ॅम्प नातवाने आणला, कण्हत.
बेस मात्र त्याने स्वतः, छातीशी धरून.
'चौसष्टचा आहे. एकशे दहा डॉलर, हप्त्याने.
कोलंबसहून माणूस येतोय बघायला,
तेवढी गुणगुण काढ.'

कपॅसिटर फुगले होते, पावसात राहिलेल्या शेंगांसारखे.
मी नवे घातले.
जुने पाकिटात जपून ठेवले,
कारण हल्ली मेलेल्या भागांनाही भाव आहे,
'मूळचे' म्हणून.

कोलंबसचा माणूस: पातळ हातमोजे,
जांभळ्या उजेडाची बॅटरी.
स्क्रू मोजले.
मान सोडवून सांध्यातली पेन्सिलची तारीख वाचली,
पत्रिका वाचावी तशी, ओठ हलवत.
मग अंगावरचा हिरवा रंग पाहून
सुस्कारा सोडला.
'हा?'
'बोटीचा. अठ्ठ्याहत्तर साली
मी आणि पोरीने मारला, गॅरेजमध्ये.'
'मूळ रंग असता तर अठरा हजार.
असा, पाच.
खरवडून खाली काही शिल्लक निघालं, तर बोलू.'

म्हणजे तेरा हजारांचा रंग,
एक डबा, उरलेला,
तोही शेजाऱ्याच्या बोटीचा.

मी म्हणाले, घामाने रंग उडाला की तुम्ही वाढवून देता,
मग हाताने चढवला की कमी का?
बाजार म्हणतो, तो म्हणाला.
जुनं ते सोनं, ठीक आहे,
पण सोन्याला निदान तराजू असतो.

तेवढ्यात जांभळ्या उजेडात
खालच्या शिंगापाशी एक ठसा दिसला.
अंगठा. सुपारीएवढा.
वाळला का बघायला लावलेला, वाळायच्या आत.
आम्ही तिघंही वाकलो.
हातमोजेवाल्याने बॅटरी जरा जास्तच वेळ धरली.
व्हर्लनने चष्मा काढला, पुसला, घातला.

मला वाटलं, झालं, आता हा विकत नाही.
पण त्याने फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.
'ठसा? मला नाही आठवत, डॅडी,' टोन्या म्हणाली,
मागे भांड्यांचा आवाज.
'खरवडा ना. छप्पर गळतंय तुमचं.'

माणूस कार्ड ठेवून गेला.
व्हर्लन उठेना.
'अ‍ॅम्प तापला का?'
तापला होता, ट्यूबांत नारिंगी धग.
त्याने केबल खोचली
आणि सगळ्यात जाड तार एकदाच, मोकळी सोडली.
बशीतले स्क्रू सरकले,
खिडकीची सैल काच बोलली,
टायरवाल्याचा कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.
त्या सुरानंतर खोलीत काही नव्हतं.
गुणगुणसुद्धा नाही.

'खरवडायचे किती घेशील?'
लाकडाचं काम मी करत नाही, म्हणाले.
बाहेर पाटीवर लिहिलंय, हातभर अक्षरांत,
की करते.
त्याने खिडकीतून पाटीकडे पाहिलं.
म्हणाला, बरं.

नव्वद डॉलर झाले, रोख दिले.
अ‍ॅम्प नातवाने नेला, मधे दोनदा टेकवत.
पाकीट व्हर्लनने मागितलं नाही.
ते इथेच आहे, सोल्डरच्या रिळामागे.
कुणी विचारलंच तर बारा डॉलर सांगेन,
मूळचे आहेत.