ओळखीची खूण

जूनमध्ये सोहारला सावलीलासुद्धा घाम फुटतो
आणि माझ्या खिडकीपुढे बापांची रांग लागते.
कुणाच्या हातात विमानाचं तिकीट, कुणाच्या हातात कंपनीचं पत्र,
कुणाच्या हातात नुसताच रुमाल.

मी दाखले लिहिते. एकविसावं वर्ष.
निळी शाई, सरळ अक्षर, खाडाखोड चालत नाही.
एक वेलांटी चुकली
तर मस्कतहून कागद परत येतो
आणि विमान कुणासाठी थांबत नाही.

शाळा सोडण्याचे कारण.
रकाना दोन बोटं रुंद.
त्यात मावत नाही थंड पडलेली भट्टी,
चार महिन्यांचा न आलेला पगार,
किंवा आई मार्चमध्येच पुढे गेली, धाकटीला घेऊन,
पाटल्या मोडून.
वर्गीज सरांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय,
लिहा : पालकांचे स्थलांतर.
म्हणून मी लिहिते पालकांचे स्थलांतर,
जसे काही ते बगळेच,
आणि खाडी आटली म्हणून उडाले.

वर्तणूक : चांगली.
सगळ्यांचीच चांगली.
मुलींच्या डब्यात पाल सोडणाऱ्या नोएलची चांगली,
अडीच वर्षं वर्गात एक शब्द न बोललेल्या सुमय्याची चांगली.
एकदा मी धीर करून 'उत्तम' लिहिलं होतं.
सर म्हणाले, पेडणेकर, एकाला उत्तम दिलं
की बाकीच्यांचं चांगलं वाईट दिसायला लागतं.
पटलं मला.
पान फाडलं, नवं घेतलं.

येणे बाकी : निरंक.
हा शब्द पडल्याशिवाय दाखला खिडकीबाहेर जात नाही.
काल मुकादम आले होते, दहावी ब मधल्या ताहाचे वडील,
मूळ गाव दाभोळ.
"मॅडम, गाववाले म्हणून बोलतो," म्हणाले,
आणि पुढे काही बोललेच नाहीत.
नोटा तीनदा मोजल्या.
तिन्ही वेळा तेवीस रियाल कमी.
सरांनी आतून पाहिलं असावं.
बाहेर आले, म्हणाले, लिहा निरंक,
आणि कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले,
जणू त्यांना आजची तारीख सापडत नव्हती.
एकवीस वर्षांत मी लिहिलेलं हे पहिलं खोटं,
असं मला घटकाभर वाटलं.

राहिली ओळखीची खूण.
दोन लागतात.
एक होती, डाव्या कानाच्या पाळीवर तीळ.
"दुसरी?" मी विचारलं.
ताहाने आधी हात पाहिले, मग कोपरं,
स्वतःलाच कुठेतरी ठेवून विसरल्यासारखा शोधत राहिला.
मग कपाळावरचे केस वर केले.
"ही चालेल? ही इथलीच आहे."

चौथीत होता. सुट्टीची घंटा, धावत सुटलेला,
आणि फाटकाची लोखंडी कडी बरोबर कपाळाच्या उंचीला.
माझ्या ओढणीने रक्त दाबून धरलं होतं,
हमूदने पाण्याची पिंपं खाली उतरवून
त्याच पिकअपमधून दवाखान्यात नेलं.
तीन टाके. रडला नाही.
फक्त विचारत होता, ओढणी धुतल्यावर निघेल ना?

मी लिहिलं :
कपाळावर उजवीकडे, केसांखाली, जुना व्रण.
कुठला, कधीचा, याला रकाना नाही.
शेरा या शब्दापुढे रिकामी ओळ असते,
तिच्यावर मी पेन टेकवलं
आणि उचललं.

एसीत शाई सुकते,
शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडावी लागते,
तेव्हा कुठे गोल पुरा उमटतो.
"ओला आहे," म्हटलं, "घडी घालू नकोस."
तो दोन्ही हातांवर धरून निघाला,
काठोकाठ वाढलेलं ताट न्यावं तसा.
फाटकाची कडी आता त्याच्या छातीला लागते.
तरी तिथे तो जरासा वाकला.