हातचा

सोहारमध्ये दशांशचिन्हापुढे पैशाला तीन घरं.
एका रियालचे हजार बैसा.
अकरा वर्षं झाली, तरी कोरेगावचा हात दोन घरांवर थांबतो,
मग आठवतं,
आणि मी आणखी एक शून्य काढते.

भारतीय शाळेचं हिशेबखातं.
खिडकीबाहेर गाफचं झाड, त्याखाली मोडीत काढलेली नऊ नंबरची बस,
लांबवर बंदराच्या क्रेन.
टेबलावर पुढल्या वर्षाचा अंदाज, मसुदा तिसरा.

ओळ चौदा : विशेष विभाग.
मुलं तेवीस, शिक्षिका चार,
बोलण्याचे उपचार, लिझम्मा टीचर, आठवड्यातून दोन दिवस.
तूट : एकोणीस हजार चारशे बारा रियाल, सहाशे पन्नास बैसा.
ओळ पंधरा : एसीचे कॉम्प्रेसर.
शेजारी शेजारी बसल्यात दोघी,
एकाच लग्नाला आलेल्या, बोलणं टाकलेल्या जावांसारख्या.

इथली नगरपालिका आपली नव्हे, तिच्या दारात जाऊन भांडायची सोय नाही.
आहे ती पालकांची फी
आणि पालकांनीच निवडलेली समिती.
नाही म्हणणारे आपण, ऐकून घेणारेही आपणच.

खजिनदार उपळेकर म्हणाले,
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मॅडम.
एका मुलामागे सहा जणांचा खर्च,
तो बाकी अठराशेंनी का सोसावा?
माणूस वाईट नाही.
त्यांचा धाकटा आठवी-ड मध्ये बसतो, एक्केचाळीस पोरांत,
आणि जूनमध्ये त्या वर्गातली भिंतसुद्धा हाताला भाजते.
इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा झाली.
पाय वाढतात, हे लिहिलं नाही.

दुपारी परकार आले, बंदरातली पाळी संपवून,
गुडघ्यावर ग्रीस, खिशात पाकीट.
जादा फीचा तिसरा हप्ता, पंधरा रियाल,
त्यातले दोन सुट्ट्या नाण्यांत.
नाणी मोजताना ते माझ्याकडे बघत नव्हते.
सोबत सुमैय्या. सात वर्षांची. बोलत नाही,
म्हणजे आपल्याला ऐकू येईल असं बोलत नाही.
तिनं माझे रबरी शिक्के उंचीप्रमाणे लावले,
मग एक उचलला.

‘पेड’, कॅलेंडरवर.
‘पेड’, पावतीवर, नेमका जागेवर.
‘पेड’, माझ्या डाव्या तळहातावर.
‘पेड’, मसुदा तिसरा, ओळ चौदा,
तुटीच्या आकड्यावर आडवा, जांभळा.
परकार घाबरले. माफ करा बाई, असं तीनदा.
अहो, असू द्या, म्हटलं,
छापीन पुन्हा.

दुसरीत शिंगटे बाई शिकवायच्या :
बेरीज सतरा आली की सात खाली लिही, एक हातचा.
मूठ घट्ट धर.
हातचा विसरलीस तर सगळंच चुकेल,
आणि चुकलं कुठं, ते कागदावर दिसायचं नाही.

मी पुन्हा छापलं नाही.
का, ते नक्की सांगता येणार नाही.
प्रिंटरमध्ये शाई होती.

संध्याकाळच्या सभेत उपळेकरांनी पान उलटलं,
आकड्यावरून नख फिरवलं,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
हे कुणी?
चौथीच्या रांगेतली पोरगी, मी म्हणाले, मग दुरुस्त केलं :
रांगेत नाही अजून.
कुणीतरी हसलं. चहा आला.

कॉम्प्रेसर मंजूर.
लिझम्मा टीचर, दोनाऐवजी एक दिवस.
उरलेली तूट पुढच्या सभेकडे.
सहाशे पन्नास बैसा कुठून भरून काढायचे
यावर मात्र वीस मिनिटं गेली.

घरी येऊन कणीक मळायला घेतली
तेव्हा लक्षात आलं,
हात धुतलेलाच नव्हता.