पाण्यात पाहणं

मुहर्रकमध्ये, मासळीबाजाराच्या मागं,
माझं व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान: सहा बाय नऊ,
एसी होता, पण तो मशीनसाठी.
तिथं सुमिए ओकिनो मला भेटली ती म्हातारीच.

हिबिनो साहेब सित्र्याच्या पाणी-प्लांटवरून
कायमचा घरी निघाला, तेव्हा राहिलेल्या बिलापोटी
खोकंभर कॅसेटी ठेवून गेला.
वरची लावली. एक बाई सुनेशी न बोलता मुळा किसते आहे.
अख्खं एक मिनिट.
हेड पुसायला घेतलेला कापूस माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या कॅसेटीत ती सतरा वर्षांची,
तिसरीत विधवा, चौथीत बसची कंडक्टर,
टोपी तिरकी, दात किंचित पुढं.
(नंतरच्या वयात दात सरळ.
कुणीतरी सुचवलं असणार. सुचवणारे कुठं नसतात.)
मधेच टीव्हीवरून उतरवून घेतलेली मालिका, जाहिरातींसकट:
आत्ता नवऱ्याच्या फोटोपुढं रडत होती
आणि आता कुकरचं झाकण उघडून
भाताच्या वाफेत हसते आहे.

मला जपानी येत नाही. ‘हाय’ म्हणजे हो,
हिबिनोनं शिकवलेलं एवढंच.
ती किती जणांना हो म्हणाली ते मी ऐकत राहिलो.
बापाला. गिरणीमालकाला. दाराबाहेरच्या कुणाला तरी.
चाळिशीनंतर ती पडद्याच्या कडेला सरकत गेली,
मग कुणाच्या तरी खांद्यामागं, धूसर.

तिचं नाव ओळखायला मात्र शिकलो:
चार अक्षरं, त्यांतल्या तिघांच्या डाव्या अंगाला
पाण्याचे तीन-तीन शिंतोडे.
तरुणपणी ते पहिलं यायचं, पुढं गर्दीत,
शेवटी एकटंच, सगळ्यांच्या तळाला.
मला वाईट वाटायचं.
तिकडं तो मान असतो, हे फार उशिरा कळलं.

हज्जी मरझूक बाहेरच्या बाकावर चहा घ्यायचा.
कोवळ्या वयापासून मोत्यांसाठी बुड्या मारलेल्या,
डावा कान त्यातच गेलेला.
दारात टोयोटा, मनगटावर सेइको,
तरी जपान्यांना तो पाण्यात पाहायचा.
त्यांनी शिंपल्यांची शेती केली
आणि इथली गलबतं वाळूवर पालथी पडली.

अकरावी कॅसेट काळी-पांढरी.
डोक्याला फडकं, कमरेला दोर,
सुमिए समुद्रात उतरते आहे.
मी घाईनं बंद करायला गेलो. मरझूक म्हणाला, राहू दे.
मग म्हणाला, दोर चुकीचा बांधलाय.
पायाला दगड कुठाय? नाकाला चिमटा कुठाय?
आमच्यात नाकापेक्षा मोती जड म्हणतात,
हे मी त्याला मोडक्या अरबीत सांगू पाहिलं.
तो हसला नाही.
“मोती व्यापाऱ्यानं मोजले. आम्ही श्वास.”

ती वर आली. नावेची कड धरली,
ओठ जेमतेम उघडले
आणि श्वास सोडताना शीळ निघाली,
बारीक, लांब, जणू आत कुठंतरी दार फटीएवढं राहिलंय.

मरझूकनं कप खाली ठेवला. पुन्हा लाव.
तीनदा लावली. टेप तिथं सुरकुतलेली,
समुद्र मधोमध फाटायचा.
उजवा कान पडद्यापाशी नेऊन तो म्हणाला,
“हे कुणी शिकवत नाही.
हिच्या घरातलं कुणीतरी बुडलेलं आहे.”
मी हो म्हणालो. मला काय ठाऊक?
खोक्यात तिच्या घराची कॅसेट नव्हती.

त्या रात्री शटर अर्धं ओढून
पहिली कॅसेट पुन्हा लावली. या वेळी आवाज वाढवून.
मुळा अर्ध्यावर येतो. हात थांबतो.
सून खोलीतून निघून गेलेली असते,
आणि ती ओठ जेमतेम उघडून
श्वास सोडते.

बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं,
सोनीचा रिमोट झाला का म्हणून.