न पचलेला घास

मंगळवारच्या पेटीतून क्लाक्सविकचे नमुने आले.
सतरावा : डावा हात, कोपराखाली, वय अठ्ठ्याहत्तर.
आमच्याकडे नाव नसतं, आकडा असतो.
मेणात बसवून पापुद्रा काढला, रंगवला,
भिंगाखाली सरकवला,
आणि तिथे शाई होती.

ॲबर्डीनच्या धक्क्यावर, एकाहत्तर साली,
बोटीच्या पहिल्या पगारात गोंदवून घेतलेली.
बाबा, तुमची.
होग्नी. बुडालेल्या भावाचं नाव.
त्यातल्या 'ओ'ला छेदणारी तिरकी रेघ
आता इतकी फुगलीय
की अक्षर बुजून नुसता ठिपका उरलाय.

शाई कातडीत नुसती पडून नसते.
कुणीतरी ती गिळून बसलेलं असतं.
सुई टोचली तेव्हा धावत आल्या पेशी,
घुसखोर समजून तोंड भरून घेतलं,
मग पचेना,
टाकवेना.
बसून राहिल्या, घास गालात धरून.
त्या मरतात, त्यांना कुठलं आलंय माणसाएवढं आयुष्य.
घास सांडतो, आणि शेजारची
काही न विचारता उचलते.
सांडलवंडीत थोडं इकडेतिकडे होतंच.

आणि चोपन्न वर्षं तिथे आग कशी नाही भडकली?
त्यांच्यात काही जणी असतात, कमी बोलणाऱ्या.
झटापट झाली की मध्ये उभ्या राहून म्हणतात, पुरे.
त्या नसत्या तर एका सुईपायी
राखणदारांनीच घर जाळलं असतं.
आई म्हणायची तसं,
तुम्ही खिडकीशी उभे राहून दर्याला शिव्या घालायला लागलात की :
पुरे, हानुस. बटाटे निवतायत.

नमुन्यात वाईट काही निघालं नाही.
अहवालावर सही दुसऱ्याची, तसा नियमच आहे.
रविवारी समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी घातली,
डोक्यावर ते सगळं पाणी.

तुम्ही वाळवलेलं मटण कापत होतात.
मी सांगत गेले. सुरी थांबली.
"म्हणजे आत्ता त्याला कुणी धरलंय?"
माहीत नाही. दहावी असेल, विसावी असेल.
"तिला ठाऊक आहे, तो कोण होता?"
नाही, बाबा.
"तरी सोडत नाही."

बाही खाली ओढलीत,
टाक्यांपाशी जरा जपून,
आणि एक जाड काप
माझ्या ताटलीत टाकलात.