तांदळाभर मागं

केंदाळ काढण्यात तीन उन्हाळे गेले.
मुळांची दाढी हात-हात लांब;
तिच्यात अडकून जे निघालं ते वहीत लिहिलंय:
गणपतीचा पाट, चपलेचा एक पाय,
पत्रिकांचा न वाटलेला गठ्ठा,
एक जिवंत मरळ. ती परत सोडली.
शेवटी रंकाळ्याला पाणी दिसलं
आणि पदपथावरची माणसं थांबून बघू लागली,
दुखण्यातून उठलेल्याकडं बघावं तशी.

मग मी म्हटलं, आता पाणी दोन हात उतरवू.

"आत्ता कुठं तळं तळ्यागत दिसाय लागलं,
आन् तुमी बूच काढताय व्हय?"
भेळेच्या गाडीवरच्या सर्जेरावांनी
आठवडाभर माझ्या पुड्यात कांदा घातला नाही.
निवेदनं आली. फोटोही आले, माझ्याच तळ्याचे, मलाच.
संध्यामठ उघडा पडला, गुडघ्यापर्यंत शेवाळलेला,
आणि त्याच्या पलीकडं चिखल.
इथं मान तांबड्या मातीला.
काळ्या गाळात कोण उतरतंय?

पण उतरले.
पहिल्या दिवशी नऊ तुतवार, मग मोजणं सुटलं.
उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी फोडत बसले
सरकारी कचेरीतल्यासारखे, सावकाश.

दरवाजाचं चाक दस्तगीर शिकलगारच्या हातात,
अठ्ठावीस वर्षं.
त्याला पक्ष्यांची नावं येत नाहीत, मला चाकाचे आटे कळत नाहीत.
तो सांगतो, एक फेरा म्हंजे रात्रीत दोन बोटं.
मी सांगते, टिबुकलीचं घरटं तरंगतं, पण लव्हाळ्याला बांधलेलं;
पाणी ओसरलं की ते कोरड्यावर बसतं, कुत्री येतात.
शेकाट्याचं उलटं. त्याची अंडी चिखलाच्या उंचवट्यावर,
पाणी चढलं की गेली.
"म्हंजे दोन सुनांचं घर हाय म्हणा."

नंदीची गोष्ट त्यानंच काढली:
रोज गव्हाभर पुढं, तांदळाभर मागं,
पाण्याला टेकला की जगबुडी.
लहानपणी मी त्याच्या खुरापाशी खडूची रेघ मारून आले होते.
दुसऱ्या दिवशी रेघच नव्हती.
आता रोज सकाळी सातला मोजपट्टी वाचते,
आणि वाटतं, तीच रेघ शोधतेय.

एकोणीस एप्रिलला वळीव झोडपून गेला, गारांसकट.
मी सांगलीला, बहिणीकडं.
साडेअकराला फोन: "पट्टी बुडाय लागलीया. किती फेरं?"
चिखलावरची ती चार अंडी डोळ्यांपुढं आली,
खाली धुण्याच्या चावीपाशी वाळत टाकलेल्या चादरीही.
चार, म्हणाले.
पलीकडं पावसाचा आवाज, पत्र्यावरचा.
"आटं गंजल्यात. तीन बसतील. चौथा बघतो."

पहिल्या एस.टी.नं आले.
दस्तगीरच्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं,
शेजारी तेलाचा डबा, वाकलेली पहार.
उंचवट्याच्या चारी बाजूंनी पाणी लागलं होतं.
अंडी तीन.
चौथं कुठं गेलं, समजलं नाही.
आणि त्या लांब लाल पायांवर, पोट भिजलेला तो,
चोचीनं काडी उचलायचा, अंड्यांखाली सरकवायचा,
पुन्हा काडी.
रात्रभर हेच चाललं असणार,
इकडं चाक फिरत असताना.

आम्ही दोघं कठड्यावर बसलो.
चहा आला, तो गार झाला.
"पिल्लं किती दिसांनी चालत्यात?"
निघाली की त्याच दिवशी.
"मग बरंय," तो म्हणाला,
आणि टिबुकलीसाठी
एक फेरा उलटा फिरवायला उठला.