पावती नाही

झंखना बारोट, एस.वाय. बी.ए., इतिहास.
मंजूर रक्कम अठरा हजार.
विषय स्वतःच ठरवलेला, स्वतःच्याच अक्षरात:
'बंद पडलेल्या नॅरोगेज स्टेशनांवरची घड्याळं
आता कुठं आहेत?'
समितीत कुणीतरी हसलं असणार.
फाईलवर तेवढं येत नाही.

मी हिशेब खात्यात, सयाजीगंजच्या बाजूची खिडकी.
उन्हाळी प्रवासाच्या फायली जूनअखेर माझ्याकडे येतात,
मुलं रापलेली,
पावत्या घामानं एकमेकींना चिकटलेल्या.
स्केलच्या टोकानं सोडवतो एकेक.

डभोई ते चांदोद, एसटी, पावती आहे.
मालसर, छकडा, पावती नाही.
जंबुसरच्या अलीकडे, कलिंगड एक, चाळीस रुपये,
पावती नाही.
मी लाल शाईनं विचारलं:
कलिंगड कोणत्या शीर्षाखाली?

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी.
"सर, फाटकवाले काका आहेत ना, रिटायर झालेले,
कलिंगड कापता कापता बोलले.
घड्याळ त्यांच्याकडे आहे. म्हशींच्या गोठ्यात.
धार काढायला बसले की आधी चावी देतात.
सात मिनिटं पुढं ठेवलंय,
गाडी चुकायला नको म्हणून."

कुठली गाडी?

"मी पण तेच विचारलं, सर."

पंखा फिरत होता. शिपाई सेवउसळीचा डबा ठेवून गेला.
ती उभीच.

स्टेशनं एकवीस पाहिली, घड्याळं सापडली चार.
एका ठिकाणी भिंतीवर नुसता गोल,
बाकी चुन्यापेक्षा पांढरा.
तिनं दोरीनं मोजला: चौदा इंच.
हे घड्याळ धरायचं की नाही, समासात प्रश्नचिन्ह.
अर्जात 'अपेक्षित निष्पत्ती'समोरही
तसंच एक होतं, जरा मोठं.

सहा हजार एकशे दहा परत केले,
सुट्या नाण्यांसकट, रुमालात बांधून.
बावीस वर्षांत असं करणारी ती तिसरी.
पहिल्या दोघांची नावं मला पाठ आहेत,
का ते माहीत नाही.

कलिंगड मी 'संशोधन साहित्य'मध्ये घातलं.
सही केली. शिक्का मारला, जरा तिरका बसला.

मार्चमध्ये ऑडिटवाले येतील,
नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतील.
मी म्हणेन, बसा.
हे थोडं लांबणार आहे.